पाचशे गॅलन

“नाथाभाऊ, थांबवा आता. निसती वाफ चाललीय. फुटलं म्हंजी आपन दोगं बी वर.”

मच्छिंद्रने हे तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा कुठे ते गहिनीनाथच्या कानात शिरलं. जेऊर मागे पडलं होतं, बंब चढाला लागला होता आणि बॉनेटच्या फटींतून निघणारी वाफ समोरच्या काचेवर पसरत होती. मच्छिंद्रला त्या वाफेत मरण दिसत होतं. गहिनीनाथला दिसत होती एक्कावन्न सालची गुळाची वखार. त्या आगीत गूळ वितळून रस्त्यावर आला होता, फायरमनचे बूट त्यात रुतून बसले होते आणि पुढे महिनाभर अख्ख्या पेठेला काकवीचा वास येत होता. तेव्हाही हाच बंब होता आणि हेच चाक हातात होतं.

गहिनीनाथचं हे नेहमीचंच. चाक हातात आलं, की त्याचं अर्धं मन मागच्या कुठल्या तरी सालात जाऊन बसे आणि उरलेल्या अर्ध्यावर तो गाडी चालवी. सव्वीस वर्षांत त्याने कुणाला साधा धक्का लावला नव्हता, त्यामुळे या तंद्रीबद्दल नगरच्या फायर ब्रिगेडात कुणी चकार शब्द काढत नसे. मच्छिंद्रची गोष्ट वेगळी. तो फायरमन असला तरी बोलायचं थांबला तर त्याचा जीव गुदमरत असे.

चढ संपला तिथे एका बाभळीखाली गहिनीनाथने बंब उभा केला. सावली म्हणजे नावालाच होती. त्र्याहत्तर सालचा चैत्र संपत आला होता, लागोपाठचा दुष्काळ होता आणि बाभळीसुद्धा अंगावरची पानं मोजून ठेवत असाव्यात अशा दिसत होत्या.

“टाकीतलं घेऊ का थोडं, रेडिएटरला?” मच्छिंद्रने विचारलं.

“टाकीला हात लावायचा न्हाई. मागं ऑइलच्या डब्यात पानी भरून घेतलंय, ते आन. आन् लगीच वतू नको. गार हू दे आधी.”

बंब जागचा हलला, की टाकी भरलेली पाहिजे. गहिनीनाथ या नियमाचा मोठा कट्टर. आगीवरून परतताना आधी विहिरीवर जायचं, टाकी काठोकाठ भरायची आणि मग घरी जाऊन अंगावरची काजळी धुवायची, असा त्याचा सव्वीस वर्षांचा शिरस्ता. आज सकाळी निघतानाही त्याची बायको झुंबरबाई दारात भाकरीचं फडकं हातात देत म्हणाली होती, “मला आंगुळीला तांब्याभर पानी, आन् त्या सवतीला पाचशे गॅलन. जावा, घोडेगावला नेऊन टाका तिला एकदाची. मी सुटले.” असं म्हणून ती बाहेर आली आणि बंबाच्या बॉनेटवर तिने हळदीकुंकवाची बोटं उमटवली. डोळे पुसायला मात्र ती घरात गेली.

खरं तर बंबाचे दिवस दोन वर्षांपूर्वीच भरले होते. नवा बंब आला, त्याला दारातली जागा मिळाली, आणि दुसऱ्या लढाईनंतर लष्कराच्या लिलावातून घेतलेला हा म्हातारा मागच्या चिंचेखाली जाऊन उभा राहिला. सहा महिन्यांत त्याच्या सीटमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या. एक दिवस भंगारवाला येऊन पत्र्यावर टिचक्या मारून गेला, आणि त्या रात्री गहिनीनाथला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, “सायेब, मी दुरुस्त करतो. माज्या सुट्टीत करतो.” साहेब भला माणूस होता. त्याने सांगितलं, “कर. पण त्याला कुणी जागा देणारं शोध. पुढच्या एप्रिलअखेर तू रिटायर होतोयस. तोवर कुणी नेला तर नेला, नाहीतर भंगारात जाणार.”

मग आठ महिने गहिनीनाथ होता आणि बंब होता. त्याने इंजिन उतरवून पुन्हा बसवलं. पंपाचं पॅकिंग स्वतः वळलं. पितळेची घंटा चिंचेने घासून अशी लख्ख केली, की तिच्यात बघून मच्छिंद्र मिशा कातरू लागला. सगळ्यात जास्त जीव त्याने टाकीत ओतला. टाकी आतून गंजून चाळण झाली होती. ठिगळं मारून झाल्यावर वरच्या झाकणातून तो स्वतः आत उतरला, आणि जवसाच्या तेलात कालवलेल्या शेंदराचे दोन हात त्याने बसून, वाकून, निजून आतून दिले. शेंदूर म्हणजे शिशाचा, लोखंडाला गंज चढू न देणारा. रंगाच्या दुकानदाराने तेव्हा बजावलं होतं, “इख असतं हां हे, वाकळे ड्रायव्हर. टाकीतलं पानी कुनी पिऊ नगा.” त्यावर गहिनीनाथ मोठ्याने हसला होता. म्हणाला, “आग आजारी पडत न्हाई, शेठ.”

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेल्या साली कडब्याच्या गंजी जळाल्या होत्या. तिथल्या मंडळींनी निरोप धाडला, की बंब आमच्या डोळ्यांदेखत पाणी फेकत असेल तर ठेवून घेऊ, शेड बांधू. पाणी फेकलं नाही तर आल्या वाटेने परत. परत म्हणजे कुठे, हे गहिनीनाथला ठाऊक होतं. म्हणून आज टाकी भरलेली होती, घंटा चमकत होती, आणि तो बाभळीखाली बसून इंजिन गार होण्याची वाट बघत होता.

ते बसले होते तिथून हाकेच्या अंतरावर दुष्काळी काम चाललं होतं. रस्त्याच्या कडेने दीड-दोनशे माणसं खडी फोडत होती. हातोड्यांचा तो एकसारखा टकटक आवाज ऐकता ऐकता गहिनीनाथचे डोळे जड झाले. त्याला वाटलं, पत्र्यावर गारा पडताहेत, साल कुठलंसं जुनं आहे आणि झुंबरबाई नवी नवरी आहे. मग गारा थांबल्या. त्याने डोळे उघडले, तर टकटक खरोखरच थांबली होती आणि पुढ्यात बायका उभ्या होत्या.

सगळ्या पांढऱ्या होत्या. दगडाची पूड केसांत, भुवयांत, पापण्यांत, लुगड्याच्या निऱ्यांत बसली होती. क्षणभर त्याला त्या खऱ्या वाटेनात. कुणाच्या हातात हंडा, कुणाच्या जर्मनची पातेली, कुणाच्या डालड्याचा डबा. सगळ्यांच्या पुढे एक साठीची म्हातारी होती, बोटांना चिंध्या गुंडाळलेली.

“टँकर हाय का वं ह्यो, दादा?” तिने विचारलं.

“टँकर न्हाई आक्का. आगीचा बंब हाय.”

“पानी हाय ना पर त्यात?”

“हाय की,” मच्छिंद्र म्हणाला. “पाचशे गॅलन.”

गहिनीनाथने त्याच्याकडे असं बघितलं, की मच्छिंद्रने लगेच तंबाखूची चंची काढून त्यात तोंड घातलं. पण शब्द गेला तो गेला. बायकांच्या घोळक्यातून तो मागे मागे सरकत गेला, आणि आणखी माणसं उठून यायला लागली.

“आमचा टँकर दिसाआड येतो,” म्हातारी म्हणाली. तिचं नाव रंगुबाई. त्या टोळीत तिचाच शब्द चालत असावा, कारण ती बोलताना बाकीच्या गप्प होत्या. “मानसी येक कळशी. काल याचा हुता, त्यो आलाच न्हाई. निम्मं निम्मं दिलं तरी पुरं हाय. तुमचं भलं हुईल.”

“आक्का, दिलं आसतं. पर हे पिन्याजोगं न्हाई.”

“आगीत वतायचं पानी, ते काय गंगेचं आसनार? आमी गाळून घिऊ.”

“गाळून जायचं न्हाई ते. टाकीला आतून शेंदूर लावलाय, शिशाचा. पोटात गेला तर इख हाय.”

“देवाला लावत्यात त्योच ना?”

“त्योच.”

“देवाला चालतोय, आन् आमाला चालंना व्हय?”

बायका हसल्या. हसताना त्यांच्या गालांवरची पूड भेगाळली. गहिनीनाथला मात्र हसू येईना. तो उठला, टाकीखालचा कॉक हलकेच सैल केला आणि ओंजळीत थोडं पाणी घेऊन ते रंगुबाईसमोर धरलं. पाण्यावर तांबूस तवंग होता. रंगुबाईने वाकून बघितलं. तिची नजर पाण्यावरून निघता निघेना.

“आमच्या हिरीतलं तरी कुटं पांढरं हाय,” ती हळूच म्हणाली.

“न्हाई आक्का. पाया पडतो. मी माज्या हातानं लावलाय, दोन हात. मला ठाव हाय ते काय हाय.”

त्याने ओंजळ सोडली. जमिनीने ते पाणी असं ओढून घेतलं, की ओलसुद्धा धडपणे दिसली नाही. सगळे तिकडे बघत राहिले.

“मंग काय कामाचं वं तुमचं पानी?”

“आगीच्या.”

“हितं काय कमी आग हाय?” रंगुबाई म्हणाली, आणि बंबाच्या चाकाशी पाय पसरून खाली बसली. त्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर गहिनीनाथला बरं वाटलं असतं.

त्याला लाज वाटली. आठ महिने त्याने टाकीचाच विचार केला होता. गंज किती, जोर किती, ठिगळ किती दिवस टिकेल, बंब आपल्यामागे किती वर्षं चालेल. भर दुष्काळात, पाण्याच्या टाकीत बसून काम करताना, माणसाला तहान लागते एवढी साधी गोष्ट त्याला एकदाही सुचली नव्हती. साधा चुना फासला असता, काहीच लावलं नसतं, तरी आज हे हंडे भरले असते. त्याला वाटलं, आपण बंबावर माया केली नाही, आपण त्याला माणसांतून उठवलं.

शेजारी एक तरणी बाई झोळीतल्या लेकराला छातीशी घेऊन उभी होती. दुसऱ्या हातात तिच्या खापरीचा तुकडा होता आणि त्याने ती आपल्या मानेवरची पूड खरवडत होती. घाम आणि पूड मिळून तिथे पापुद्रा धरला होता. खापरी फिरे तिथे लाल ओरखडा उठे.

“कवापासनं आंगूळ न्हाई?” गहिनीनाथने विचारलं.

बाई लाजली. उत्तर रंगुबाईने दिलं. “साळूबाई, सांग की. लाजती काय. शिमग्याच्या आदीपासनं न्हाई, दादा. कुनाचीच न्हाई. प्यायाला मिळंना, आन् आंगुळ कुटनं? रातचं निजलं तरी आंगात खडा टोचतोय.”

गहिनीनाथने डोक्यावरची टोपी काढून सीटवर ठेवली.

“मच्छिंद्रा, होज काढ.”

“आँ?”

“होज काढ म्हनलं. येकच. आन् इंजिन लाव.”

मच्छिंद्रने त्याचा दंड धरून त्याला बंबाच्या पलीकडे नेलं. “याड लागलं का तुमाला? घोडेगावात बन्सीअण्णा माणसं घिऊन बसलाय. फवारा दावल्याबिगर त्यो बंब घेनार न्हाई, आन् त्या गावात हंडाभर पानी मिळायची मारामार हाय, पुन्ना टाकी कोन भरनार? भंगारात जाईल ह्यो. आठ महिनं तुमी सन केला न्हाई का सुट्टी घेतली न्हाई, ते ह्याच्यासाटी?”

“आर्धी ठिवू. आर्ध्यात बी फवारा दावता यील.”

“आन् कुनी प्यालं म्हंजी?”

हा प्रश्न मात्र खरा होता. गहिनीनाथ परत फिरला आणि रंगुबाईसमोर उकिडवा बसला. “आक्का, आंगूळ घालतो समद्यांना. पर येक वचन पायजे. तोंडात थेंब जाता कामा नये. कुनाच्या म्हंजी कुनाच्याच. ते तुमी बगायचं.”

रंगुबाईने त्याच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, लुगडं खोचलं आणि या वयात बंबाच्या मडगार्डवर चढून उभी राहिली.

“आयका गं समद्या! आयका रं! ह्या पान्यात इख हाय. आंगावर घ्यायचं, वठ मिटून. लेकरांच्या तोंडावर हात ठेवा. ज्याचं तोंड उघडं दिसंल त्याला मी हातोडीनं हानीन, मग त्यो माजा सोयरा का आसंना!”

डब्यातलं निम्मं पाणी रेडिएटरमध्ये गेलं आणि इंजिन सुरू झालं. मच्छिंद्रने पंपाचा दांडा ओढला. दोन साल कोरडी राहिलेली कॅनव्हासची नळी आधी ठिकठिकाणी पाझरली, मग एखादं जनावर अंग ताणून उठावं तशी रस्त्यावर हलली. गहिनीनाथने नोझल आभाळाकडे केलं, जोर कमी ठेवला, आणि पाणी वर गेलं.

ते खाली आलं तेव्हा कुणी ओरडलं नाही. नगरच्या रस्त्यावर नुसती नळी फुटली तरी पोरं केवढा गिल्ला करत. इथे दीडशे माणसं ओठ घट्ट मिटून, डोळे मिटून, आभाळाकडे तोंड करून उभी राहिली. आयांनी लेकरांच्या तोंडांवर तळवे दाबले होते. आवाज होता तो फक्त इंजिनचा आणि अंगांवर पडणाऱ्या पाण्याचा. पांढरी माणसं हळूहळू काळी-सावळी होत गेली. कुणाच्या पाठीवरून, कुणाच्या कानामागून पुडीचे ओघळ उतरायला लागले. लुगड्यांना पुन्हा रंग आले. हिरवं, जांभळं, एखादं मळखाऊ निळं. साळूबाई डोळे मिटून दोन्ही हातांनी आपली मान चोळत होती, आणि रंगुबाईने खाली उतरून तिच्या लेकराचं तोंड आपल्या पदराने झाकून धरलं होतं. पाण्याच्या थेंबांनी ओठ ओले होत, थरथरत, पण उघडत नव्हते. तहानलेल्या माणसाने ओल्या ओठांवरून जीभसुद्धा फिरवू नये, हे केवढं अवघड, ते गहिनीनाथला नोझल धरून बघताना कळत होतं. आपण जागे आहोत की चाकावर बसून पुन्हा कुठल्या सालात गेलो आहोत, हे त्याला उमगेना. पण असलं कुठलंच साल त्याच्या आठवणीत नव्हतं.

“आर्धी झाली!” काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघत मच्छिंद्र ओरडला. “नाथाभाऊ, आर्धी! बंद करतो!”

पुढचे लोक आपण होऊन बाजूला झाले. ते जागा करून देत होते. कामाच्या पार दुसऱ्या टोकाकडून आणखी माणसं येत होती. ती उशिरा येत होती, कारण ती म्हातारी होती. कुणी काठी टेकत, कुणी एकमेकांचा खांदा धरून, अंगावर तीच पांढरी पूड घेऊन हळूहळू येत होती. पुढची दोघं-तिघं तर लांबूनच ओठ मिटून आली होती.

गहिनीनाथने त्यांच्याकडे पाहिलं. मग मान वळवून बंबाकडे पाहिलं. त्याच्या लाल पत्र्यावरही थेंब पडले होते आणि झुंबरबाईची हळदीकुंकवाची बोटं ओघळून गेली होती.

“सोड,” तो म्हणाला.

“नाथाभाऊ—”

“सोड म्हनलं ना! समदं सोड.”

पंप कोरडा पडल्याचा आवाज निराळा असतो. तो आला, तेव्हा शेवटचा म्हातारा भिजून बाजूला झाला होता. गहिनीनाथने नोझल खाली ठेवलं. पाच-सात मिनिटांत रस्ता सुकला. माणसं मात्र अजून ओली होती, आणि हळूहळू बोलायला लागली होती. दूरवर मुकादमाने हाक दिली तशी ती हातोड्यांकडे निघाली. रंगुबाई तेवढी मागे राहिली. तिने कमरेची पुरचुंडी सोडली आणि कामावर खायला मिळालेली मूठभर सुकडी गहिनीनाथच्या हातावर ठेवली. तो नको म्हणाला. ती म्हणाली, “घ्या. भैनीच्या घरनं कुनी तसंच जातं व्हय?” त्याने ती घेतली.

रेडिएटरमध्ये डब्यातलं उरलेलं पाणी ओतून ते निघाले. घाट उतरताना बंब हलका झाला होता. प्रत्येक वळणावर रिकामी टाकी मागे दणदणत होती, आणि त्या दणक्यासरशी मच्छिंद्र तोंड वाकडं करत होता. बोलत मात्र नव्हता. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं. गहिनीनाथच्या बाबतीतही एक गोष्ट पहिल्यांदाच घडत होती. त्याचं मन कुठे जात नव्हतं. गुळाची वखार नाही, जुन्या आगी नाहीत. समोरचा पांढरा रस्ता, पांढरीचा पूल, दोन्ही बाजूंची उघडी शेतं, हातातलं चाक, सगळं आत्ताचं होतं. आपण आज ही गाडी शेवटची चालवतोय, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याला वाईट वाटत होतं, आणि तरीही पाय ॲक्सिलरेटरवरून मागे येत नव्हता.

घोडेगावात बाजारतळावर लिंबाखाली शंभरेक माणसं जमली होती. मधोमध मोकळ्या जागेत कडब्याचा ढीग रचून ठेवला होता, पेटवून विझवून बघायला. जनावरांच्या दलालीत केस पांढरे झालेला बन्सीअण्णा खाटेवर बसला होता. बाजारातली सगळी कामं त्याच्याच विचाराने चालत. बंब वळून आला, उन्हात लालभडक झळकला, तशी माणसं कौतुकाने पुढे आली. कुणी नारळ काढला.

“टाकी भरलीय ना?” बन्सीअण्णाने उठत विचारलं.

“न्हाई,” गहिनीनाथ म्हणाला. “भरून निगालो हुतो. वाटंत संपली.”

“गळती हाय?”

“गळती न्हाई. दिलं.”

“कुनाला दिलं?”

“खडी फोडनाऱ्यांना. आंगुळीला.”

लोकांत हसण्याची लाट गेली. बन्सीअण्णा हसला नाही. त्याने काठीने टाकी ठोकून बघितली, आवाज ऐकला आणि मान हलवली. बैलाच्या तोंडात हात घालून दात बघणारा माणूस तो. त्याला सांगोवांगीचं चालत नसे.

“ड्रायव्हरसायेब, तुमी केलं ते तुमच्या जागी बराबर आसंल. पर मी लोकांना काय दावू? गेल्या साली माज्या डोळ्यांदेखत गंजी जळाल्या, दावनीला बांधल्याली दोन जनावरं वरडत मेली. मला पानी फेकनारा बंब पायजे. ह्यो फेकतो का न्हाई ते मला ठाव न्हाई. हितं फेकून बगायला पानी न्हाई. माघारी न्या.”

नारळवाल्याने नारळ पिशवीत ठेवला. मच्छिंद्र मान खाली घालून बुटाने माती उकरत होता.

गहिनीनाथने बंबाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, “नेतो, अण्णा. फकस्त येकदा कवायत बगा.”

“पान्याबिगर?”

“पान्याबिगर. नगरात दोन सालं आमाला कवायतीला पानी न्हाई. आमी तशीच करतो.”

बन्सीअण्णाने खांदे उडवले. गहिनीनाथने सीटवरची टोपी उचलून डोक्यावर घातली, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि मच्छिंद्रला नुसती खूण केली. मच्छिंद्रने तंबाखू थुंकला. दोघं बंबाच्या मागे ताठ उभे राहिले.

मग ते पळाले. सत्तावन्न वर्षांचा गहिनीनाथ होजची गुंडाळी खांद्यावर घेऊन पळाला, आणि ती त्याच्यामागे सरळ रेषेत उलगडत गेली. दुसरी गुंडाळी, जोड, कडक्कन आवाज. नोझल बसलं. कुणीतरी फिदीफिदी हसलं. गहिनीनाथने डावा पाय पुढे रोवला, होज काखेत दाबली.

“पानी सोड!”

“पानी सोडलं!” मच्छिंद्रने पंपाचा दांडा ओढला.

पाणी आलं, की नोझल माणसाला मागे रेटतं. म्हणून सगळं अंग पुढे टाकून उभं राहावं लागतं. गहिनीनाथने अंग पुढे टाकलं. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या, दंड थरथरले, टाच मातीत रुतली. त्याने नोझल कडब्याच्या बुडाशी धरलं, मग हळूहळू वर नेलं, पुन्हा खाली आणलं. वाऱ्याची बाजू बघितली, एक पाऊल सरकला, मागे न बघता हाताने खूण केली, आणि मच्छिंद्रने ‘जोर वाढवला!’ म्हणून आवाज दिला. हसणारे गप्प झाले.

एक गंज पेटली, की शेजारच्या भिजवून ठेवाव्या लागतात. गहिनीनाथने डोळे बारीक केले आणि नोझल सावकाश डावीकडे वळवलं. तिकडे माणसं उभी होती. पुढची दोघं आधी सरकली, त्यांच्यामागून नारळवाला सरकला. मग बन्सीअण्णाने एका हाताने धोतराचा सोगा वर उचलून धरला आणि नोझलच्या वाटेतून दोन पावलं बाजूला झाला.